एक की वीस हजार? विल्नाचं विटेनबर्ग प्रकरण मुलांपुढे ठेवताना

होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. त्यातला ज्यूंचा सशस्त्र प्रतिकार शिकवायचा म्हटलं की आपण वॉर्साच्या घेटोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, उठावापासून सुरुवात करतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. १९ एप्रिल १९४३, वल्हांडण सणाची पूर्वसंध्या. २४ वर्षांचा म्होरक्या मोर्देखाय आनिएलेविच, आणि पिस्तुलं, हातबॉम्ब, पेट्रोलच्या बाटल्या एवढ्या बळावर जर्मन फौजेला जवळजवळ महिनाभर झुंजवणारी पोरं. अकरावी-बारावीची मुलं बाकावर पुढे सरकून ऐकतात. आणि तास सुटता सुटता कुणीतरी विचारतंच, "सर, मग बाकीच्यांनी का नाही हत्यार उचललं?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नाच्या पोटात मेलेल्यांवरचा आरोप असतो, आणि वॉर्सा जितकं रंगवून सांगावं तितका तो आरोप टोकदार होत जातो. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. म्हणून आता मी विल्ना आधी घेतो. तिथे संघटना होती, हत्यारं होती, मरायची तयारी होती, यित्झाक विटेनबर्ग हा सगळ्यांनी मानलेला सेनापती होता. तरीही १६ जुलै १९४३ला त्या सेनापतीला घेटोच्या दरवाजातून एकट्याने बाहेर चालत जावं लागलं.

शहर आणि खड्डे

विल्ना म्हणजे लिथुआनियातलं आजचं विल्नियस. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते पोलंडमध्ये होतं. ज्यू लोक त्याला 'लिथुआनियाचं जेरुसलेम' म्हणत, इतकी तिथे पाठशाळांची, छापखान्यांची, ग्रंथालयांची दाटी. यिडिश भाषेची यिवो ही संशोधन संस्था तिथलीच. आमच्या कोल्हापूरच्या मुलांना नकाशात पूर्व पोलंड दाखवला की वळिवड्याची आठवण निघते. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हाकललेली हजारो पोलिश माणसं इराणमार्गे भारतात आली आणि १९४३मध्ये वळिवड्याला त्यांची छावणी उभी राहिली. म्हणजे विल्नात हे सगळं घडत होतं त्याच वर्षी त्याच भागातली मुलं पंचगंगेच्या काठी शाळेत जात होती. एवढं सांगितलं की लांबचं गाव जरा जवळ येतं.

जर्मन सैन्य विल्नात शिरलं २४ जून १९४१ला. शहरापासून सुमारे १० किलोमीटरवर पोनारीच्या जंगलात सोव्हिएत राजवटीने इंधनाच्या टाक्यांसाठी मोठाले गोल खड्डे खणून ठेवले होते. जुलैपासून माणसं तिथे नेऊन गोळ्या घालायला सुरुवात झाली. बंदुका चालवणाऱ्यांत लिथुआनियन स्वयंसेवकही होते. शहरात सुमारे ६०,००० ज्यू होते. वर्ष संपेपर्यंत घेटोत उरले सुमारे २०,०००.

पोनारीच्या खड्ड्यांतून काही जखमी बायका आणि मुली जिवंत परत आल्या. काय झालं ते त्यांनी घेटोत सांगितलं. बहुतेकांचा विश्वास बसला नाही. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचतो, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं.

एक पत्रक

३१ डिसेंबर १९४१ची रात्र. घेटोत सार्वजनिक जेवणघर चालायचं, तिथे नववर्षाच्या मेजवानीचं निमित्त करून तरुण संघटनांची दीडशेएक मुलं-मुली जमली. त्यांच्यापुढे एक पत्रक वाचलं गेलं. लिहिणारा आबा कोवनर, वय २३, कवी, 'हाशोमेर हात्झाइर' या झायोनिस्ट (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्या) समाजवादी युवक संघटनेचा कार्यकर्ता. आधीचे काही महिने तो आणि त्याचे सोबती शहराबाहेर डोमिनिकन जोगिणींच्या मठात लपले होते. मठाच्या प्रमुख आना बोर्कोव्स्का यांनी जीव धोक्यात घालून त्यांना आसरा दिला होता.

पत्रकातल्या दोन गोष्टी मुलांना दाखवाव्यात. पहिली अशी, की हिटलरला युरोपातले सगळे ज्यू संपवायचे आहेत, असं त्यात सरळ म्हटलं होतं. कोवनरच्या हातात कसलाही कागद नव्हता, हुकूमनामा नव्हता. पोनारीवरून त्याने बांधलेला तो अंदाज होता. वान्झेची बैठक, जिथे नाझी अधिकाऱ्यांनी या संहाराची जुळवाजुळव केली, ती झाली २० जानेवारी १९४२ला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारीला, विल्नाच्या घेटोत ज्यूंची संयुक्त लढाऊ संघटना स्थापन झाली. यिडिश नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एफपीओ म्हणतात. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची खबर नव्हती. फळ्यावर मी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहितो आणि जरा वेळ गप्प राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'मेंढरांसारखे कत्तलीला जाऊ नका' हे शब्द. मूळ शब्द बायबलमधले, ज्यूंच्या रोजच्या वाचनातले. कोवनरने ते जिवंत माणसांना, आपल्याच वयाच्या पोरांना उभं करण्यासाठी वापरले. युद्ध संपल्यावर तेच शब्द उलटे फिरले आणि मेलेल्यांना दूषण द्यायला वापरले जाऊ लागले. १९६१मध्ये जेरुसलेमला आइखमान या नाझी अधिकाऱ्याच्या खटल्यात साक्ष देताना, 'का लढला नाहीत' या प्रश्नात दोषारोपाचा अंश जरी असेल तरी मी त्याचा निषेध करीन, अशी भूमिका कोवनरने घेतली. शब्द ज्याचे होते तोच हे म्हणत होता.

घेटोतल्या बाकी लोकांचं म्हणणं काय होतं? ते वेडगळ नव्हतं. वॉर्सात, बियालिस्टोकमध्ये ज्यू अजून जिवंत आहेत, म्हणजे हे प्रकरण इथल्यापुरतंच असणार. जर्मनांना कामगार हवेत, मग जो कामाचा तो जगेल. मुलांना मी विचारतो, तुमच्या घरी कुणी येऊन सांगितलं की आख्ख्या खंडातली तुमची माणसं मारणार आहेत, तर ते खरं मानायला तुम्हाला काय काय पुरावा लागेल? तास इथेच संपला तरी चालेल, असं माझं मत आहे.

संघटना आणि गेन्स

एफपीओमध्ये एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकत्र आले. कम्युनिस्ट, डावे झायोनिस्ट, 'बेतार' या उजव्या झायोनिस्ट युवक संघटनेचा योसेफ ग्लाझमन, आणि काही काळाने 'बुंड' या ज्यू समाजवादी पक्षाचे लोकही. सेनापती झाला कम्युनिस्ट यित्झाक विटेनबर्ग, टोपणनाव लिओन. सोव्हिएत बाजूशी संधान बांधायला तोच योग्य, हा त्यामागचा हिशोब. जर्मनांच्या शस्त्रसाठ्यात कामाला नेलेले लोक हत्यारांचे सुटे भाग अंगावर, अवजारांच्या पेट्यांत लपवून आत आणत. सुरुंग कसा करायचा हे कळलं एका पुस्तिकेवरून. १९४२च्या उन्हाळ्यात वित्का केम्पनरने दोन सोबत्यांसह घेटोबाहेर जाऊन रुळाखाली सुरुंग पेरला आणि जर्मन गाडी उडवली. कुठल्याही वर्गात मुलींचे डोळे या ठिकाणी चमकतात, आणि चमकूदेत.

एफपीओचा बेत असा होता, की घेटो मोडायला जर्मन आले की आतच लढायचं आणि वाट फोडून जंगल गाठायचं. आधीच जंगलात का नाही गेले? कारण जाऊ शकणार धडधाकट तरुण. म्हातारी, लेकुरवाळी मागे राहणार, आणि पळालेल्यांचा सूड त्यांच्यावर निघणार.

आता गेन्स. याकोब गेन्स लिथुआनियन सैन्यातला माजी अधिकारी, आधी घेटोच्या ज्यू पोलिसांचा आणि जुलै १९४२पासून घेटोचा प्रमुख. बायको ज्यू नसलेली लिथुआनियन, त्यामुळे बाहेर लपून राहणं त्याला शक्य होतं. तो राहिला नाही. जर्मनांना घेटोची जितकी गरज वाटेल तितके दिवस लोक जगतील, आणि तोवर जर्मनीचा पराभव होईल, असं त्याचं गणित. ऑक्टोबर १९४२मध्ये ओश्मियाना गावच्या घेटोतून जर्मनांनी १,५०० बायका-मुलं मागितली. गेन्सच्या माणसांनी घासाघीस करून आकडा खाली आणला आणि ४०६ म्हातारी माणसं दिली. बाकीची वाचवली, असं त्याने परत येऊन लोकांना उघडपणे सांगितलं. एफपीओची त्याला माहिती होती. वेळ आल्यावर मीही तुमच्याबरोबर, असं तो म्हणत असे. हे मुलांपुढे ठेवल्याशिवाय पुढची रात्र सांगू नये. नाहीतर गेन्स सिनेमातला खलनायक होतो आणि प्रकरण फार सोपं होऊन बसतं.

१५ आणि १६ जुलै

गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, हाती शहरातला एक कम्युनिस्ट कार्यकर्ता लागला. छळाखाली त्याच्या तोंडून विटेनबर्गचं नाव निघालं. १५ जुलैच्या रात्री गेन्सने एफपीओच्या नेत्यांना आपल्या घरी बोलावलं. ते बसलेले असताना दार उघडून सुरक्षा पोलिसांचे लोक आत आले आणि विटेनबर्गला पकडून दरवाजाकडे घेऊन निघाले. वाटेत एफपीओच्या पोरांनी झडप घालून त्याला सोडवलं. तो लपला, आणि संघटनेने आपल्या सगळ्या लोकांना गोळा केलं.

गेन्सने रात्रीतच माणसं जमवली आणि सांगितलं, की विटेनबर्ग दिला नाही तर जर्मन घेटोच संपवतील. पहाटेपर्यंत ते घरोघर पोचलं. सकाळी रस्त्यावर लोक उतरले. घोषणा एकच, एक माणूस की वीस हजार? दगड, काठ्या घेऊन लोक एफपीओच्या जागांवर चालून गेले. ज्यांच्यासाठी पिस्तुलं आणली होती तेच लोक समोर उभे होते, शेजारपाजारचे, नात्यातले. एफपीओने त्यांच्यावर गोळी चालवली नाही.

जर्मन आलेच नाहीत. त्यांना यायची गरज पडली नाही.

नेते विटेनबर्गला भेटले. ज्या माळ्यावर तो लपला होता तिथे काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं, याच्या आठवणी वाचलेल्यांनी आपापल्या परीने सांगितल्या आहेत आणि त्या तंतोतंत जुळत नाहीत. त्याच्या स्वतःच्या कम्युनिस्ट साथीदारांनीही शरण जाण्याकडे कौल दिला, हे मात्र ठळकपणे येतं. विटेनबर्गने आपलं पिस्तूल कोवनरच्या हाती दिलं, त्याला सेनापती नेमलं आणि घेटोच्या रस्त्यावरून दरवाजाकडे चालत गेला. कोठडीतच तो मेला. त्याने विष घेतलं असं बहुतेक आठवणी सांगतात.

माझी चूक

पहिल्यांदा हे प्रकरण घेतलं तेव्हा मी इथे थांबून मुलांचं मतदान घेतलं. द्यायचा, की नाही द्यायचा? हात वर करा. वर्ग जागा झाला, मला वाटलं तास छान रंगला. दोन मित्र एकमेकांचे हात ओढून खाली करत होते, हसत होते. 'द्यायचा' म्हणणारे हात मोजले तर जवळजवळ सगळेच. पाच मिनिटांत उरकलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने दोन्ही वेळा हात वर केला नाही. तास संपल्यावर ती टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, मला नाही येत हे." मी तिला उत्तर दिलं, की असू दे, पुढच्या वेळी. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. वर्गातल्या चाळीस जणांत प्रकरण समजलेली ती एकटी होती.

मतदानाने काय होतं? उपासमार, पोनारी, रात्रभराची भीती हे सगळं गळून पडतं आणि १ विरुद्ध २०,००० एवढं अंकगणित उरतं. तू जर्मन हो, तू ज्यू हो, असली नाटकं बसवण्याचं तर नावही काढू नये. ती अवस्था कुणाला वर्गात अनुभवता येत नाही, आणि अनुभवली असं मुलांना वाटणं हे त्याहून वाईट.

आता मी मतदान घेत नाही. चार गटांना चार कागद देतो. एकावर एफपीओचा सैनिक, दुसऱ्यावर गेन्स, तिसऱ्यावर रस्त्यावर उतरलेली एक आई, चौथ्यावर विटेनबर्ग. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे लिहायचं, १६ जुलैच्या सकाळी या माणसाला काय माहीत आहे. उजवीकडे, काय माहीत नाही. त्याने काय करायला हवं होतं हे कुठेच लिहायचं नाही. डावी बाजू पटकन भरते. उजवी भरायला वेळ लागतो, आणि तिथेच खरा तास होतो. कारण मुलांना कळतं, की आपण जे जे बिनदिक्कत बोलत होतो ते सगळं उजव्या बाजूचं आहे. त्या सकाळपासून घेटो संपायला ६९ दिवस उरले होते. ही संख्या फक्त आपल्याकडे आहे.

गनिमी कावा का नाही?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि तो चांगला आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला डोंगर, किल्ला आणि थोडक्या माणसांनी मोठ्या फौजेला दमवणं हे बाळकडूतच मिळालेलं असतं. मग त्याच्याच हाताने उत्तर काढून घ्यावं. गनिमी काव्याला काय लागतं? रात्री भाकरी देणारं गाव, वाट दाखवणारा माणूस, परतायला गड, आणि मागे सुरक्षित असलेली बायकापोरं. विल्नाच्या ज्यूंकडे यातलं काय होतं? मठातल्या जोगिणींसारखी काही माणसं होती. पण भोवतालच्या मुलखात धरून देणारेही होते, आणि बायकापोरं तर कुंपणाच्या आत ओलीस होती.

त्याची किंमत लगेच दिसली. २४ जुलैला ग्लाझमनच्या नेतृत्वाखाली एक तुकडी नारोच जंगलाकडे निघाली. विटेनबर्गच्या आठवणीसाठी तिचं नाव 'लिओन' ठेवलं होतं. वाटेत जर्मनांनी दबा धरला, काही जण पडले. मग पळालेल्यांच्या घरची ३२ माणसं पकडून पोनारीला मारली गेली. त्यापुढे एक पळाला तर त्याचं कुटुंब आणि त्याच्याबरोबर कामाला जाणारे सगळे जबाबदार, असा हुकूम निघाला. जंगलातही स्वागत नव्हतं. सोव्हिएत पार्टिझनांच्या, म्हणजे जंगलातल्या गनिमी लढवय्यांच्या, नेतृत्वाने तिथली वेगळी ज्यू तुकडी मोडली आणि त्यातल्या अनेकांची हत्यारं काढून घेतली. ग्लाझमन त्याच शरद ऋतूत मारला गेला.

आणखी एक तुलना मी इथे करतो. जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैदी लागले आणि त्यांतले ३० लाखांहून जास्त उपासमारीने, थंडीने, गोळ्यांनी मेले. ते तरणेताठे, शिकवून तयार केलेले सैनिक होते, बरोबर लेकरं नव्हती, तरी छावण्यांत मोठे उठाव फारसे झाले नाहीत. त्यांना मेंढरं कुणी म्हटलं नाही.

१ सप्टेंबर

१ सप्टेंबर १९४३ला पहाटे जर्मन आणि एस्तोनियन सैनिक घेटोत शिरले. एस्तोनियाच्या छावण्यांसाठी माणसं हवी होती. एफपीओने लोकांना हत्यार घ्या अशी हाक दिली. लोक आले नाहीत. एस्तोनियात काम आहे, म्हणजे पोनारी नाही, असं त्यांनी धरलं. या खेपेला त्यांचा अंदाज पूर्ण चुकलेलाही नव्हता, गाड्या खरोखरच एस्तोनियाला गेल्या. एफपीओची एक तुकडी हत्यारं हातात पडण्याआधीच वेढली गेली. स्ट्राशुना रस्त्यावर १२ नंबरच्या घरातून येखिएल शाइनबाऊमच्या गटाने गोळीबार केला. तो तिथेच पडला आणि जर्मनांनी ते घर सुरुंगाने उडवलं.

कोवनरची मुख्य फळी ६ नंबरमध्ये होती. हीच घेटोच्या ग्रंथालयाची इमारत. हेर्मान क्रुक तिथे ग्रंथपाल होता, आणि डिसेंबर १९४२मध्ये एक लाखावं पुस्तक वाचकाच्या हाती गेलं म्हणून तिथे समारंभ झाला होता. त्या आकड्यावर मुलं अडखळतात. पोनारीची बातमी माहीत असलेली, अर्धपोटी माणसं पुस्तकं नेत होती? हो, नेत होती. त्याला प्रतिकार म्हणायचं की नाही यावर मी मुलांना भांडू देतो.

संध्याकाळी जर्मन मागे फिरले, ६ नंबरपर्यंत पोचले नाहीत. माणसं पुरवायचं काम गेन्सने अंगावर घेतलं. चार दिवसांत सात हजारांहून अधिक लोक गेले. १४ सप्टेंबरला गेस्टापोने गेन्सलाही गोळी घातली. २३ सप्टेंबरला घेटो मोडायला सुरुवात झाली आणि एफपीओचे शंभराच्या आसपास लोक गटारांतून वाकत, सरपटत शहराबाहेर पडून रुडनिकीच्या जंगलाकडे गेले. बाहेर निघाल्यावर बुंडचा अव्राहम ख्वोयनिक आणि काही सोबती सापडले. त्यांना फाशी दिलं. जंगलात पोचलेल्यांनी रूळ उखडले, पूल पाडले, तारा तोडल्या, आणि जुलै १९४४मध्ये सोव्हिएत सैन्याबरोबर ते मोकळ्या झालेल्या विल्नात आले.

मोठ्या मुलांपासून एक गोष्ट लपवू नये. युद्धानंतर कोवनरने सूड उगवायला एक गट उभारला होता आणि जर्मन शहरांच्या पाण्यात विष कालवण्याचा बेत त्या गटाने केला होता. तो तडीस गेला नाही. १९४६मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या छावणीत जर्मन कैद्यांच्या पावांना आर्सेनिक लावलं गेलं, पुष्कळ जण आजारी पडले. मुलं हे मोबाइलवर शोधून काढतातच. आपण आधी सांगितलं नाही तर आपल्या बाकी बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

शेवटची दहा मिनिटं मी कोवनरच्या आईसाठी ठेवतो. स्ट्राशुना ६च्या दारात ती आपल्या मुलाला शोधत आली. आत हत्यारं घेतलेली तरुण पोरं, आणि मुलगा आता सेनापती. तिने विचारलं, मी काय करू? कोवनरकडे उत्तर नव्हतं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. ती मारली गेली.

यानंतर वर्गात 'का नाही लढले' कुणी विचारत नाही. मुलं विचारतात, गटारातून आईला नेता आलं नसतं का? किती लांब होतं ते? पाणी किती होतं? मी नकाशा काढतो, आणि त्याच्यावर आम्ही स्ट्राशुनापासून जंगलापर्यंत बोट फिरवत बसतो. वॉर्सा पुढच्या तासाला.